लिफ्टबाईंचे पाच किलोमीटर

चाकवाल्यांनी आयुष्यात खोटं बोलायचं मनावर घेतलं ते वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तेही सगळ्या गावादेखत, पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये, फूट फूट उंचीच्या आकड्यांत. सराईत माणूस असता तर कुणाच्या तरी कानात कुजबुजून मोकळा झाला असता. पण ज्याला सवय नसते तो असाच घोळ घालतो.

चाकवाले म्हणजे नगरपालिकेच्या रस्ते खात्यातले मोजणीदार. एक लांब दांडी, खाली चाक, चाकाला आकड्यांची डबी. चाक ढकललं की दर मीटरला टक् असा आवाज होतो आणि डबीतला आकडा एकाने पुढे सरकतो. एवढ्या भांडवलावर त्यांनी एकतीस वर्षं नोकरी काढली. दोन शेजाऱ्यांची कुंपणावरून जुंपली की लोक वकिलाआधी यांच्याकडे यायचे. हे दांडी घेऊन जायचे, टक् टक् करत या टोकापासून त्या टोकापर्यंत, आकडा सांगायचे, आणि भांडणारे निमूट आपापल्या घरी जायचे. एकदा त्यांच्या मोजणीमुळे खुद्द त्यांच्या मेव्हण्याची भिंत दीड हात मागे घ्यावी लागली. मेव्हणा सहा वर्षं तोंड दाखवेना. "बरं झालं, चहाची पावडर वाचली," असं चाकवाल्यांची बायको म्हणाली, आणि मेव्हणा तिचा सख्खा भाऊ होता.

तर ही बायको. हिला सगळे लिफ्टबाई म्हणत, कारण मोठ्या सरकारी कचेरीतली जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट तिने बावीस वर्षं चालवली होती. उंच स्टुलावर बसायचं, पितळी दांडा फिरवायचा, दार ओढायचं, मजला ओरडायचा. बाई तोंडाची अशी फटकळ, की बड्या अधिकाऱ्यालाही सोडायची नाही. "साहेब, जरा नीट उभे राहा, तुम्हाला वर नेणारी मीच आहे." साहेबही हसायचे, तीन मजले पायी चढायची हौस कुणाला असते?

मग बटणांची लिफ्ट आली आणि बाईंना घरी बसवलं. अठ्ठेचाळिसावं वर्ष. दुसऱ्या दिवशी त्या बूट घेऊन आल्या, धावायचे.

"हे कुणाला?" चाकवाल्यांनी विचारलं.

"मला. बावीस वर्षं वर गेले नि खाली आले. आता जरा पुढे जाऊन बघते."

गावाच्या कडेने कालवा जातो. पंपघरापासून पादचारी पुलापर्यंत नाकासमोर सरळ रस्ता, एका बाजूला पाणी, मध्ये गुडघाभर कठडा. सकाळी तिथे फिरणाऱ्यांची ही गर्दी. त्यांच्यासाठी नगरपालिकेने कठड्यावर दर शंभर मीटरला आकडा रंगवून घेतला होता: पंपघराशी शून्य, पुलाशी पंचवीस. मोजणी कुणाची, ते सांगायला नको. जाऊन आलं की पाच किलोमीटर. लिफ्टबाईंना ते पुरे करायला आठ महिने लागले, पण एकदा जमलं ते जमलं. चाकवाले शेजारून सायकल चालवायचे. हँडलला पाण्याची बाटली, खांद्यावर टॉवेल. धावणं या प्रकाराशी त्यांचा स्वतःचा संबंध एवढाच. बस सुटत असली तरी ते चालत जाऊन ती सोडून देणारे गृहस्थ.

चार वर्षं अशी गेली. मग बाईंच्या पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, एक मोठं ऑपरेशन झालं, सुया झाल्या, सगळे केस गेले, परत आले, आणि दीड वर्षाने रोगही परत आला. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि टेबलावरचे कागद बाजूला केले. कागद बाजूला करून बोलणाऱ्या डॉक्टरची बातमी कधी चांगली नसते.

"हा आता जाणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधाने काही काळ दाबून ठेवता येईल. दर तीन आठवड्यांनी सुई. किती दिवस घ्यायची, ते आपण बघत बघत ठरवू. तुमचं मतही त्यात मोठं."

"धावलं तर चालेल?"

"चालेल. झेपेल तेवढं. पडू नका म्हणजे झालं. अंगात ताकद राहील, झोप लागेल."

लिफ्टबाईंनी थोडा विचार केला. त्यांच्या थोरल्या बहिणीला हाच रोग होता. अकरा महिने ती अंथरुणावर होती, आणि शेवटच्या आठवड्यातसुद्धा तिला सुई दिली होती, कारण बंद करा असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. तिची उशापायथ्याची सगळी सेवा लिफ्टबाईंनी केली होती.

"मग माझं मत लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "सुईच्या आदल्या दिवशी मी कालव्याचे पाच धावणार. हळू चालेल, पण धावून, चालत नाही. पाच पुरे झाले तर दुसऱ्या दिवशी सुई. ज्या दिवशी होणार नाहीत, त्या दिवसापासून सुई बंद, आणि मला घरी राहू द्यायचं. कुणी रडून-भेकून गळ घालायची नाही." मग नवऱ्याकडे वळून, "तुम्ही साक्षीदार. आकड्यांचे पक्के म्हणून तुम्हालाच ठेवते."

चाकवाल्यांनी मान हलवली. तेव्हा ते सोपं वाटलं. बाई त्या आठवड्यातही पाच धावल्या होत्या.

आठ सुया झाल्या. सुईनंतर चार दिवस बाई भिंत धरून चालायच्या, पाचव्या दिवशी गच्चीवर, दहाव्या दिवशी कालव्यावर. डोक्याला रुमाल, अंगात लेकीने पाठवलेला पिवळाधमक सदरा. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या लेकीने तो मुद्दाम तसा निवडला होता, लांबून दिसावा म्हणून. "मी काय रस्त्याचं काम आहे, गाड्यांनी वळसा घालून जावं म्हणून?" असं बाईंनी फोनवर सुनावलं आणि रोज तोच घातला.

नवव्या सुईच्या आदल्या दिवशी, परतताना, चारच्या आकड्याशी त्या थांबल्या. चारशे मीटर उरले होते. खाली वाकल्या.

"दमले नाही हं," त्या म्हणाल्या. "नाडी सुटली."

चाकवाले सायकलवर एक पाय टेकून उभे राहिले. बुटाची नाडी सुटलेली नव्हती. बाईंनी ती सोडली, परत बांधली, मग दुसऱ्या पायाची सोडली, ती बांधली. पाठ वरखाली होत होती. एवढ्या वेळात एखाद्याने नवा जोडा शिवून दिला असता. मग त्या उठल्या आणि उरलेले चारशे कसेबसे धावून आल्या. पंपघराशी त्यांनी कठड्यावर हात टेकला. "झाले पाच," म्हणाल्या. चाकवाले म्हणाले, "झाले." पण पुढच्या खेपेला होणार नाहीत हे त्यांना त्या वाकलेल्या पाठीवर लिहिल्यासारखं स्पष्ट दिसलं.

पुढच्याच शनिवारी चाकवाले ड्युटीवर असताना पांढऱ्या रंगाचा डबा, करड्या रंगाचा डबा आणि आकड्यांचे पत्र्याचे साचे घेऊन कालव्यावर गेले. करड्या रंगाने त्यांनी जुने आकडे पुसले. मग चाक ढकलायला सुरुवात केली. डबीत चौऱ्याण्णव झाले, तसे ते थांबले आणि तिथे 'एक' काढला. त्या एकाचं पोट जरा वाकडं आलं. दुसरा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशीवर. पंचवीस संपले तेव्हा पूल अजून दीडशे मीटर लांब होता. हिशोब साधा होता. जाऊन-येऊन तीनशे मीटर कमी.

घरी त्यांनी टोपी काढता काढता सांगून टाकलं, कारण तोंडात धरून ठेवायला जमेना. "कालव्याच्या खुणा बदलल्या बरं का. ऑफिसात नवं चाक आलंय. जुनं झिजलेलं होतं, त्यामुळे जुन्या खुणा लांब लांब पडल्या होत्या. तू इतके दिवस पाच नाही, पाचाच्या वर धावत होतीस."

लिफ्टबाई शेंगा सोलत होत्या. एक शेंग त्यांनी दोन बोटांत धरली, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"असं का," म्हणाल्या. "मग एवढ्या दिवसांचे जास्तीचे परत मागायला हवेत नगरपालिकेकडे."

आणि शेंग सोलली.

कालव्यावर ही बातमी पोचायला एक सकाळ पुरली. तिथे फिरणाऱ्यांचं एक मंडळ होतं, आणि त्याचे पुढारी होते निवृत्त हेडमास्तर. गणिताचे. अठ्ठावीस वर्षं पोरांना चाकाचा परीघ शिकवलेला माणूस. त्यांनी झिजलेल्या चाकाची हकिकत ऐकली, गंभीरपणे मान डोलावली आणि म्हणाले, "मला संशय होताच. एवढी चाल असताना वेळ जास्त का लागतो, म्हणून." कुणाला म्हणून शंका आली नाही. तुम्ही समजत होता त्याहून तुमचं पाऊल दमदार आहे, असं कुणी सांगितलं, तर माप तपासायला कोण जातो?

तीन आठवड्यांनी बाईंनी पाच पुरे केले. सुई झाली. पुढच्या वेळीही केले, पण पुन्हा नाडी सुटली. चाकवाले पुन्हा डबा घेऊन निघाले. "रंग उडालाय." या खेपेला शंभराचे शहाऐंशी झाले. आणखी दोन सुया. मग पुन्हा. "साहेबांना आकडे मोठे हवेत, म्हाताऱ्यांना दिसत नाहीत." आता शंभराचे शहात्तर. दर वेळी लिफ्टबाई म्हणायच्या, "असं का."

इकडे मंडळात आनंदीआनंद. नाक्यावरचा औषधवाला, दुकानाच्या फळीआडून ज्याचं पोट आधी दिसायचं आणि तो मागून, तो पाच किलोमीटर चालायला अठ्ठावन्न मिनिटं घ्यायचा. त्याची पंचेचाळीस झाली. हेडमास्तर सत्तरवरून चौपन्नावर आले. त्यांनी ठरवलं की हा प्रताप त्यांनी काढलेल्या श्वसनपद्धतीचा: सात पावलं नाकाने आत, अकरा पावलं बाहेर. पंपघराशी उभं राहून ते रोज ती शिकवायला लागले. सतरा शिष्य मिळाले.

"पण मास्तर, वेळ कमी झाला, पोट आहे तिथेच आहे," औषधवाला एकदा म्हणाला.

"पोट हा जडत्वाचा प्रश्न आहे," मास्तर म्हणाले. "आधी वेग येतो."

चाकवाले हे ऐकत सायकल धरून उभे असायचे. एरवी असल्या गोष्टीवर ते घरी येऊन बायकोला सांगून पोट धरून हसले असते. आता ते खाली बघायचे. कठड्यावरच्या आपल्याच आकड्यांकडे बघवायचं नाही. एकतीस वर्षांत त्यांनी मीटरला मीटरच म्हटलं होतं; मेव्हण्यालासुद्धा सोडलं नव्हतं. आणि आता रोज सकाळी साठ-सत्तर माणसं त्यांच्या लबाडीवरून चालत जात होती. पण त्यापेक्षाही एक गोष्ट आत टोचायची. बाईंनी साक्षीदार म्हणून ठेवलं होतं. सुई घ्यायची की नाही, हा एकच हक्क तिने स्वतःकडे ठेवला होता, आणि तो ते दर तीन आठवड्यांनी रंगाच्या डब्यात बुडवत होते.

कारण सुया आता तिला सोसत नव्हत्या. तोंडात फोड, पाण्याचा घोट गिळताना डोळ्यात पाणी. बोटांच्या टोकांना मुंग्या; सदऱ्याची बटणं चाकवाले लावून द्यायचे. चार दिवसांचे दहा झाले, मग पंधरा. धावायला म्हणून जे उरायचे, ते जेमतेम पाच-सहा. धावणं तरी कसलं. शेजारून चालणारा औषधवाला तिला गाठून पुढे जायचा आणि मागे वळून म्हणायचा, "वहिनी, सात आत, अकरा बाहेर."

"भाऊ, माझं आत-बाहेर आता डॉक्टर बघतात," लिफ्टबाई म्हणायच्या. "तुम्ही व्हा पुढे, वजन जास्त आहे, उतार लागला तर थांबणार नाही तुम्ही."

असं बोलली की चाकवाल्यांना वाटायचं, आहे, अजून आहे ती सगळीच्या सगळी. अजून एक सुई. मग ते मनात मोजायचे. सहा सुया जास्तीच्या झाल्या. अठरा आठवडे. चोरीचे, पण झाले.

हे असंच चाललंही असतं, पण हेडमास्तरांना पाटी हवी झाली. पंपघराशी दगडी पाटी, वर श्वसनपद्धतीचे नियम, खाली मंडळाची नावं, आणि मधोमध 'पाच किलोमीटर, प्रमाणित'. प्रमाणित म्हटलं की दाखला आला. मंडळाने अर्ज केला. खात्यात नुकत्याच आलेल्या इंजिनिअरबाई स्वतः फीत घेऊन कालव्यावर गेल्या, आणि शनिवारी दुपारी त्यांनी चाकवाल्यांना बोलावलं.

"बसा. पंचविसाचा आकडा एकोणीसशे मीटरवर आहे."

"हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे? चूक झाली असेल."

"चूक नाही, बाई. मुद्दाम केलं." आणि त्यांनी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, हातात टोपी, एकसुरी, जसं रोजचं काम सांगावं तसं.

इंजिनिअरबाई तिशीच्या आतल्या. त्यांनी पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं. "सोमवारपर्यंत खुणा जागेवर आल्या पाहिजेत," त्या म्हणाल्या. "कागदावर मी रंगकामातली चूक असं लिहिते."

"मोजणीतली लबाडी लिहा."

"तसा रकाना नाही," इंजिनिअरबाई म्हणाल्या आणि खिडकीकडे बघत बसल्या.

आता गावात गुपित किती वेळ टिकतं? इंजिनिअरबाईंची फीत धरायला हेडमास्तर स्वतः हौसेने गेले होते. चाकवाले ऑफिसातून बाहेर पडले तेव्हा औषधवाला दुकानाच्या पायरीवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की रस्ते खात्यातल्या एका माणसाने सहाशे मीटर कालवा पळवला. का, ते अजून कुणाला कळलं नव्हतं. चाकवाल्यांनी सायकल अशी दामटली की साखळी उतरली. ती चढवली. ही बातमी तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको होती. दुसऱ्या दिवशी रविवार, कालव्याचे पाच. सोमवारी सुई.

लिफ्टबाई खिडकीशी खुर्चीत होत्या, पाय कोमट पाण्याच्या टोपात. चाकवाले समोर जमिनीवर बसले. हाताला वंगण तसंच.

"अगं, कालव्याच्या खुणा खोट्या आहेत."

"हं."

"मी केल्या. नवं चाक वगैरे काही आलं नाही. जुनं झिजलेलंही नाही."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं," लिफ्टबाई म्हणाल्या.

चाकवाल्यांनी वंगणाचा हात टोपीला पुसला.

"आमच्या लिफ्टची पुली झिजली होती एकदा. पुली झिजली की बारीक होते, मग तेवढ्याच फेऱ्यांत दोर कमी ओढला जातो. पिंजरा मजल्याच्या चार बोटं खाली थांबायचा. दोन कारकून अडखळून पडले. तुमचं चाक झिजलं असतं तर तेही बारीक झालं असतं ना? मग जुन्या खुणा जवळ जवळ पडायला हव्या होत्या, लांब कशा पडतील?" त्या हसल्या. फोडांमुळे तोंड पूर्ण उघडेना. "एकतीस वर्षं चाक ढकलता, आणि थाप मारलीत ती उलटी. मास्तरांना कळली नाही, त्यांची गोष्ट सोडा. आणि मला पूल दिसत नाही का हो? पुलाला हात लावून वळणारी बाई मी. तो पूल दर दीड महिन्याने मागे मागे जातोय, आणि मी म्हणायचं असं का."

"मग बोलली का नाहीस?"

बाईंनी पाण्यातला एक पाय काढून दुसऱ्यावर ठेवला. "बोलले असते तर दुसऱ्या दिवशी सुई बंद करावी लागली असती. शब्द माझाच होता. तुम्हाला तयारी नव्हती. ज्या माणसाने माझ्या भावाची भिंत सरकवली, दीड हातही सोडला नाही, तो माझ्यासाठी तीनशे मीटर सोडतोय. म्हटलं, सोडू दे. घेऊ एक सुई. मग अजून एक. एवढं तुमच्यासाठी करता आलं तर करावं." पाय परत पाण्यात सोडत त्या म्हणाल्या, "सहा केल्या. आता नाही होत हो. फार दुखतं."

चाकवाल्यांनी टोपातल्या तिच्या पायावर हात ठेवला. पाणी कधीच गार झालं होतं. आपण अठरा आठवडे चोरून आणले, असं त्यांना वाटत होतं. ते तिने दिले होते, आणि तिने त्यासाठी काय काय सोसलं ते त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिलं होतं, बटणं लावता लावता.

"उद्या जाऊ," लिफ्टबाई म्हणाल्या. "चाक घ्या. मला एकदा खरं किती होतं ते बघायचंय."

रविवारी सकाळी दोघं कालव्यावर गेले. मंडळाला आतापावेतो अर्धीमुर्धी हकिकत कळली होती. सतरा शिष्य घेऊन हेडमास्तर पंपघराशीच उभे होते, जाब विचारायला. पिवळा सदरा दिसला. तो आता खांद्यावरून दोन माणसं मावतील असा लोंबत होता. मास्तरांनी तोंड उघडलं होतं ते मिटलं. औषधवाल्याने चष्मा काढून पोटावर पुसला.

"मास्तर, रस्ता देता का?" लिफ्टबाई म्हणाल्या. "मला सात आत, अकरा बाहेर करायचंय."

मास्तर बाजूला झाले. या खेपेला सायकल नव्हती. चाकवाल्यांनी डबीवर शून्य केलं, आणि बाई निघाल्या तसे ते शेजारून चाक ढकलत चालू लागले. चालत. तिच्या धावण्याबरोबर राहायला चालणं पुरत होतं. टक्. टक्. टक्. शंभरावर त्यांनी खडूने खूण केली, दोनशेवर केली. वाकून उठेपर्यंत ती चार पावलं पुढे जायची आणि ते पुन्हा गाठायचे. पाचशेच्या पुढे तिचा श्वास चाकाच्या आवाजापेक्षा मोठा झाला. सातशेची खूण केली. मग बाई थांबल्या, कठड्यावर बसल्या. या वेळी नाडी सुटली नाही.

श्वास जरा खाली बसला. "किती?" त्यांनी विचारलं.

चाकवाल्यांनी डबीत पाहिलं. त्यांच्या मनात काय काय आकडे येऊन गेले, ते त्यांनाच ठाऊक.

"सातशे बारा."

"खरे?"

"खरे."

"वाईट नाही," लिफ्टबाई म्हणाल्या. रुमालाने मान पुसली, पाण्याकडे पाहिलं. "डॉक्टरीणबाईंना उद्या सकाळी फोन करा. येत नाही म्हणावं."

चाकवाले म्हणाले, "करतो." गळ घालायची नाही असं ठरलं होतं.

"आता बसू नका माझ्याशेजारी. पंचविसापर्यंत खुणा करून या, सोमवार उद्यावर आलाय. मी इथेच आहे."

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. सोमवारी सुईच्या वेळेला चाकवाले कठडा रंगवत होते आणि बाई खुर्ची टाकून मांडीवर साचे घेऊन पुढचा आकडा काढून देत होत्या. तोंडातले फोड दोन आठवड्यांत गेले. त्यांनी पोटभर आइस्क्रीम खाल्लं. लेक येऊन राहिली. दुखणं थांबवायची औषधं औषधवाला स्वतः घरी आणून द्यायचा, आणि त्याचा वेळ परत अठ्ठावन्नावर गेल्याचं रडगाणं गाऊन तिला हसवायचा. मास्तरांनी पाटीचा अर्ज मागे घेतला. बाई नऊ आठवडे जगल्या. त्यातल्या पहिल्या पाचांत रोज सकाळी कालव्यावर सातच्या आकड्यापर्यंत जायच्या, आधी चालत, मग हात धरून, मग चाकांच्या खुर्चीतून. शेवटचे चार घरी, खिडकीशी. शेवटी शेवटी सुई नव्हती, नळी नव्हती. आपलं अंथरूण, आणि उशाशी बसून टोपी कुस्करणारा नवरा. आता वर्षातून एकदा कठडा रंगवायचा असतो. चाकवाले निवृत्त झालेत तरी ते काम मागून घेतात, आणि एकेक मीटर दोनदा मोजतात.

पण त्या रविवारचं एक राहिलं. चाकवाले सातशेपासून पुढे निघाले. टक् टक् करत, खडू मारत. आठ, नऊ, दहा. दर खुणेला मागे वळून बघत. पिवळा ठिपका लहान होत गेला. पंधराशी तो बोटाच्या पेराएवढा होता. विसाच्या पुढे दिसेना. मधे झाडाची फांदी होती की डोळ्यांना काही झालं होतं, कोण जाणे. पुलाशी त्यांनी पंचविसाची खूण केली, जिथे ती पहिल्यापासून असायला हवी होती तिथेच. मग ते वळले. समोर अठराशे मीटर सरळ रस्ता. चालत गेलं तर वीस-पंचवीस मिनिटं.

चाकवाल्यांनी चाक उचलून खांद्यावर घेतलं आणि ते धावायला लागले. सत्तावन्न वर्षांचा, पायात चपला, धावण्याची काडीची सवय नसलेला माणूस. खांद्यावर दांडी, पाठीमागे चाक वाऱ्यावर गरागरा फिरतंय आणि डबी वाटेल तो आकडा मोजतेय. फिरणारे लोक कठड्याला टेकून वाट देत होते. कुणी हसलं नाही. एक चप्पल निसटली, ती त्यांनी पायानेच ओढून घेतली. पिवळा ठिपका परत दिसायला लागला.

"अहो, पळताय की काय?" लिफ्टबाईंनी लांबूनच विचारलं.

ते तिच्यासमोर येऊन थांबले, चाक टाकलं आणि खाली वाकले, दोन्ही हात पायाशी. पाठ वरखाली होत होती. ते वर बघेनात.

"काय झालं?"

"नाडी," चाकवाले म्हणाले. "नाडी सुटली."

बाईंनी खाली पाहिलं. धुळीने भरलेल्या चपला. मग त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला.

"बांधा," त्या म्हणाल्या. "सावकाश बांधा. मला घाई नाही."